गच्चीवरून फोटो काढायचेत: श्मिट, मॅक्सुटोव्ह की आरसी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंदूरला सुदामा नगरात राहता. तिसऱ्या मजल्यावरची गच्ची तुमच्या हक्काची आहे, घरात २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी डीएसएलआर आहे आणि सगळं मिळून दोन लाखांच्या वर जायचं नाही. गुरू, शनी आणि चंद्राचे फोटो हवेत, ‘आणि जमलं तर दीर्घिका, तेजोमेघ वगैरे’. दुर्बिणीच्या तीन नळ्या तुम्ही निवडून ठेवल्यात: १५० मिमी व्यासाची श्मिट-कॅसेग्रेन, १२७ मिमीची मॅक्सुटोव्ह आणि १५० मिमीची रिची-क्रेतियाँ, म्हणजे आरसी. यातली कुठली घ्यावी, हबल अवकाश दुर्बीण आरसी आहे तर फोटोसाठी आरसीच चांगली असणार ना, आणि सध्या जुलैत सवलत चालू आहे तर लगेच उचलावी का, असे तुमचे तीन प्रश्न.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘जमलं तर’ हा वाटला. चौदा वर्षं मी राजेंद्र नगरातल्या गच्चीवरून हा उद्योग करतोय, आणि माझे जे पैसे वाया गेले ते सगळे या ‘जमलं तर’पायीच गेले. ग्रहांचे फोटो आणि दीर्घिकांचे फोटो हे दोन वेगळे धंदे आहेत. एका दुकानात दोन्ही मांडता येतात, पण गल्ला कशावर चालणार हे आधी ठरवावं लागतं. म्हणून ‘कुठली रचना चांगली’ याचं उत्तर देण्याआधी ‘तुमच्या गच्चीवरून वर्षातल्या बहुतेक रात्री कशाचे फोटो निघतील’ याचं उत्तर द्यायला हवं.

तर पहिल्यांदा या नळ्या मुळात काय आहेत ते. तिन्ही एकाच घराण्यातल्या. १६७२ साली कॅसेग्रेननं सुचवलेली कल्पना अशी: मागे मोठा खोलगट आरसा, पुढे छोटा फुगीर (दुय्यम) आरसा, आणि मोठ्या आरशाच्या मधोमध भोक. प्रकाश नळीत जातो, मागून परत पुढे येतो, पुन्हा मागे जाऊन भोकातून कॅमेऱ्यात उतरतो. दीड मीटरचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) फूट-सव्वा फुटाच्या नळीत मावतं ते या घडीमुळे. पण आरसे साधे, म्हणजे गोलाच्या तुकड्यासारखे घासले, तर कडेचा आणि मधला प्रकाश एकाच जागी जुळत नाही. हा दोष कोण कसा काढतो, त्यावरून तीन नावं पडली. श्मिटनं १९३० मध्ये कॅमेऱ्यासाठी समोर एक पातळ, जरा विचित्र घासलेली काच बसवली, आणि तीच युक्ती पुढे कॅसेग्रेनला जोडली गेली. मॅक्सुटोव्हनं १९४१ मध्ये पातळ काचेऐवजी जाड, वाटीसारखं बाकदार भिंग वापरलं. रिची आणि क्रेतियाँ यांनी समोरची काच काढूनच टाकली आणि दोन्ही आरसे अपास्ताच्या आकारात घासले.

या एका फरकातून बाकीचं सगळं निघतं: दव, वजन, थंड व्हायला लागणारा वेळ, आरसे एका रेषेत आणायच्या जुळवणीची कटकट. जाहिरातीत ‘फोटोग्राफीसाठी खास’ असं छापलेलं असतं तेवढं मात्र यातून निघत नाही.

आता हबल. हबल आरसी आहे हे खरं. लडाखमध्ये हानलेला आपली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, तीही आरसी. कारण आरसीमध्ये कोमा नसतो, म्हणजे मधल्या भागापासून दूरचे ताऱ्यांचे ठिपके धूमकेतूसारखे शेपटाळत नाहीत, आणि मोठ्या सेन्सरवर बरंच मोठं क्षेत्र स्वच्छ मिळतं. पण हबलच्या वर हवा नाही आणि हानले साडेचार हजार मीटरवर आहे. तुमच्या गच्चीखाली दिवसभर तापलेला आरसीसी स्लॅब आहे. (या दोन ‘आरसीं’चं माझ्याशी जुनं वैर आहे.)

मीसुद्धा हबलच्याच नादानं पहिली मोठी नळी २०० मिमीची आरसी घेतली होती. एफ/८ (नाभीय अंतर भागिले व्यास, तो एफ-आकडा), १६२४ मिमी नाभीय अंतर, दिसायला देखणी. पहिल्या रात्री सगळे तारे एका बाजूला ओढल्यासारखे दिसले. आरसीत दोन्ही आरशांची जुळवणी तंतोतंत लागते आणि श्मिटसारखं एका आरशाचे तीन स्क्रू फिरवून भागत नाही. त्यातून स्वस्त लहान आरसींमध्ये फोकसर, म्हणजे फोकस करायचा भाग, हा मोठ्या आरशाच्याच बैठकीवर बसवलेला असतो. आरसा सरळ करायला जावं तर फोकसर तिरका होतो, फोकसर सरळ करावा तर आरसा हलतो. त्यासाठी मध्ये एक वेगळी रिंग घ्यावी लागते. ती मागवण्यात, लेझर आणि तारा यांच्यातली भांडणं सोडवण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. बायको म्हणायची, ‘तुम्ही आकाश बघता की नळी?’ त्या वर्षी माझ्याकडे फोटो किती निघाले असतील? सांगण्यासारखे चार.

आरसी वाईट नाही. वर्षातून दहा-बारा वेळा काळ्या आकाशाखाली जाणारा माणूस, चांगलं माउंट (नळी पेलणारी आणि ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक), गायडिंगचा, म्हणजे फोटो चालू असताना एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटच्या चुका सुधारत राहण्याचा, हात बसलेला, तर काचेविना असलेली ही नळी फार सुंदर काम करते. समोर काच नाही म्हणून तिथे दव धरत नाही, फोकस करताना मोठा आरसा जागचा हलत नाही. पण तिचा दुय्यम आरसा मोठा असतो. लहान आरसीत तो व्यासाच्या निम्म्याच्या आसपास जातो, आणि गुरूच्या पट्ट्यांमधली जी बारीक नक्षी तुम्हाला हवी आहे तिचा उठाव नेमका तिथे मार खातो. म्हणजे तुमच्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टींसाठी तीन नळ्यांमधली सगळ्यात कमी योग्य हीच. तिला यादीतून काढा, निदान पहिली नळी म्हणून तरी.

आता ग्रहांकडे येऊ, कारण तुमच्या गच्चीचं खरं भांडवल ते आहे.

इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं वरून जातं. याचा अर्थ ग्रह जेव्हा वृषभ-मिथुनेच्या पट्ट्यात असतात तेव्हा ते आपल्या जवळजवळ थेट डोक्यावरून जातात. यंदाच्या जानेवारीत गुरू मिथुनेत प्रतियुतीला, म्हणजे आपल्याकडून बघता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, होता, तेव्हा मध्यरात्री तो शिरोबिंदूपासून जेमतेम अंशभर अंतरावर होता. युरोपातले लोक तीस-चाळीस अंशांवरच्या ग्रहाचे रंग जुळवायला वेगळी प्रिझमं लावतात, आपल्याला आयतं मिळतं. शहराचा उजेड ग्रहांना काही करत नाही. गुरू इतका तेजस्वी आहे की राजवाड्याच्या चौकातूनही त्याचा फोटो निघेल. म्हणजे गच्ची, इंदूर आणि ग्रह यांचं छान जमतं.

अडचण करते ती हवा. सीइंग, म्हणजे हवेच्या थरथरीमुळे ताऱ्याचा ठिपका किती पसरतो ते. माझ्या गच्चीवर बहुतेक रात्री ते दोन ते तीन आर्कसेकंद असतं. एक आर्कसेकंद म्हणजे किती? दहा रुपयांचं नाणं साडेपाच किलोमीटरवरून बघितलं तर जेवढं दिसेल तेवढं. १५० मिमीची नळी कागदावर ०.७७ आर्कसेकंद अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दाखवते, १२७ची ०.९१ वरचे. दोन्ही आकडे हवेच्या थरथरीपेक्षा लहान आहेत. मग नळीचा उपयोग काय? उपयोग असा की ग्रहांचा फोटो आपण एक काढत नाही, व्हिडिओ काढतो. दहा मिलिसेकंदांच्या हजारो फ्रेम, त्यातल्या हवा क्षणभर थांबली तेव्हाच्या दहा-वीस टक्के निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं, फुकट आहे. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवायचा नाही, नाहीतर पट्टे फरफटतात.

इथे कॅमेऱ्याच्या पिक्सेलचं गणित येतं आणि ते नळी निवडायला फार मदत करतं. ग्रहांसाठी माझा ठोकताळा असा: एफ-आकडा हा पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराच्या चार-पाच पट असावा. ग्रहांच्या स्वस्त कॅमेऱ्यांत सर्रास २.९ मायक्रॉनचा पिक्सेल असतो. पाच पट धरली तर एफ/१४.५. श्मिट एफ/१० ची, तिला १.५ पटीचं बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग) लावलं की एफ/१५ होतं. मॅक्सुटोव्ह मुळातच एफ/११.८, म्हणजे चार पटीच्या वर आहेच, बार्लोशिवाय कॅमेरा थेट मागे खोचा आणि सुरू करा. श्मिट-बार्लोच्या जोडीवर प्रतियुतीचा गुरू पावणेदोनशे पिक्सेलच्या आसपास भरतो, मॅक्सुटोव्हवर सव्वाशेच्या आत. फरक दिसतो, पण ‘एक फोटो आणि दुसरा नाही’ असा नाही.

डीएसएलआर ग्रहांसाठी वापरू नका असं नाही, पण त्याचा व्हिडिओ दाबून, बारीक तपशील टाकून साठवला जातो. चंद्रासाठी मात्र तो उत्तम. १५०० मिमी नाभीय अंतरावर पूर्ण चंद्राची प्रतिमा सेन्सरवर साडेतेरा मिमीची पडते आणि तुमच्या सेन्सरची बुटकी बाजू पंधरा मिमीच्या आसपास आहे. अख्खा चंद्र एका चौकटीत, कडेला थोडं आकाश. तुमच्या दोन्ही नळ्यांचं नाभीय अंतर १५०० मिमीच आहे, म्हणून इथे दोघी बरोबरीत. २०० मिमीची श्मिट घेतली असती तर २०३२ मिमीवर चंद्र अठरा मिमीचा झाला असता आणि चौकटीत मावला नसता. मोठी नळी म्हणजे सगळंच सरस, असं होत नाही.

मग श्मिट की मॅक्सुटोव्ह?

मॅक्सुटोव्हचा मोठा गुण म्हणजे ती बिघडत नाही. जुळवणी कारखान्यात झाली की वर्षानुवर्षं तशीच. साडेतीन किलोच्या आत वजन. नवख्या माणसाला पहिल्याच आठवड्यात गुरूचे दोन पट्टे नीट दाखवणारी नळी कुठली, तर हीच. दोष दोन. एक, समोरचं जाड भिंग निवायला वेळ घेतं. माझ्या एका मित्राची १२७ आहे, मे महिन्यात तो ती संध्याकाळी सहालाच गच्चीवर ठेवतो आणि नऊपर्यंत हात लावत नाही. दोन, ती एफ/११.८ वर अडकलेली आहे, खाली आणायचा सरळ मार्ग नाही.

श्मिटला तो मार्ग आहे. ०.६३ पटीचा रिड्यूसर लावला की १५०० चे ९४५ मिमी होतात आणि एफ/१० चं एफ/६.३. पसरट वस्तूंसाठी उजेड अडीच पट वेगानं जमतो. हा रिड्यूसर सेन्सरपासून १०५ मिमीवर बसला पाहिजे. लोक नेमकं हे अंतर चुकवतात आणि मग कोपरे खराब आले म्हणून रिड्यूसरला शिव्या देतात. अडॅप्टर, टी-रिंग आणि कॅमेऱ्याच्या आतली खोली हे सगळं मिळून १०५, घरातल्या फूटपट्टीनं मोजलं तरी चालतं.

श्मिटचा दोष म्हणजे फोकस. तुम्ही मागची घुंडी फिरवता तेव्हा आतला मोठा आरसाच नळीत पुढे-मागे सरकतो. तो आरसा एफ/२ चा असतो आणि दुय्यम आरसा त्याला पाच पट करतो, त्यामुळे तो केसभर जरी कलला तरी गुरू चौकटीतून उडी मारतो. मॅक्सुटोव्हमध्येही हे होतं, फक्त कमी. यावर उपाय फुकटचा आहे: फोकसची शेवटची हालचाल नेहमी घड्याळाच्या उलट दिशेनं संपवा, म्हणजे आरसा वर ढकलला जातो आणि स्वतःच्या वजनानं घट्ट बसतो. जुळवणी महिन्या-दोन महिन्यांनी बघावी लागते. तारा फोकसबाहेर काढा, मेदूवड्यासारखी आकृती दिसेल, भोक मधोमध नसेल तर दुय्यम आरशाचे तीन स्क्रू एक-अष्टमांश फेऱ्यानं फिरवा. पहिल्यांदा घाम फुटतो. तिसऱ्यांदा चहा पीत करता.

माझं झुकतं माप १५० मिमीच्या श्मिटकडे आहे. कारण तुमचं ‘जमलं तर’. रिड्यूसरसकट ती तुम्हाला थोडं तरी इकडे-तिकडे जाऊ देते. पण पुढच्या परिच्छेदातला हिशेब करून ती परवडत नसेल तर मॅक्सुटोव्ह घ्या आणि तडजोड केली असं मनात आणू नका. माझे आवडते चंद्राचे फोटो त्या मित्राच्या १२७ वरूनच काढलेले आहेत.

हिशेब असा. दोन लाखांतले निम्मे माउंटला. अर्धवट नाही, निम्मे. दुकानदार नळी विकतो आणि माउंट ‘सोबत’ देतो, घेणाऱ्यानं उलटं करायचं. विषुववृत्तीय (पृथ्वीच्या अक्षाला समांतर आसावर फिरणारं), मोटरवालं, ईक्यू५ या मॉडेलच्या दर्जाचं तरी हवं. कंपनी जेवढं वजन पेलेल म्हणते त्याच्या निम्मं धरा, कारण तो आकडा डोळ्यांनी बघणाऱ्यासाठी असतो. १५० मिमीची श्मिट साडेचार किलोची, तिच्यावर कॅमेरा आणि शोधक, झाले सहा. २०० मिमीची आरसी एकटीच सात-आठ किलोंच्या घरात जाते, तिथेच ईक्यू५ चा श्वास फुलतो. एकदांडी अल्ट-अॅझ (नुसतं वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या) माउंटवर हीच श्मिट स्वस्तात मिळते आणि मोह होतो. पण आपल्याकडे ग्रह डोक्यावर येतात म्हटलं ना, ते माउंट डोक्यावर बघायला लागलं की मागचा कॅमेरा बैठकीवर आपटतो आणि नेमक्या तिथेच चौकट सगळ्यात वेगानं फिरते. ज्या दिशेला इंदूरचं आकाश सर्वोत्तम, त्याच दिशेला ते माउंट आंधळं.

उरलेल्या निम्म्यात नळी, ग्रहांचा एक छोटा कॅमेरा, दव रोखणारा गरम पट्टा. नवीन श्मिट यात ताणून बसेल किंवा बसणार नाही. म्हणून नळी जुनी बघा, माउंट शक्यतो नवं. जुन्या माउंटचे गियर कोणी कसे वापरलेत ते कळत नाही, जुनी नळी मात्र बघून कळते. बघताना समोरून टॉर्च मारू नका, टॉर्चच्या झोतात कुठलाही आरसा घाणेरडाच दिसतो आणि तुम्ही चांगला सौदा सोडून याल. बुरशी शोधायची असेल तर तिरक्या उजेडात समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते बघा. ते असतील तर नमस्कार करून निघा.

बुरशीचं सांगतो कारण माझ्या हातून झालंय. एका जुलैत मी माझी श्मिट प्लास्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली, धूळ नको म्हणून. दसऱ्याला उघडली तर काचेवर आतून नक्षी. दमट हवा मीच आत कोंडली होती. तेव्हापासून पावसाळ्यात नळी मोकळ्या हवेच्या खोलीत, मागच्या झाकणात सिलिका जेलची पुडी, आणि पुडी निळ्याची गुलाबी झाली की तव्यावर परतून पुन्हा निळी.

दवासाठी आणखी एक. श्मिटची आणि मॅक्सुटोव्हची समोरची काच थेट आकाशाकडे तोंड करून असते, ती हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर दव धरतं. नोव्हेंबरात तासाभरात फोटो धुरकट व्हायला लागले तर कॅमेरा बघू नका, काच बघा. जुन्या योगा-मॅटचा एक फूट लांबीचा नळा करून पुढे बसवला तर निम्मी रात्र निघते. उरलेल्यासाठी गरम पट्टा.

स्लॅबबद्दलही वर म्हटलं, ते अर्धवट सोडत नाही. उन्हाळ्यात आपण झोपायच्या आधी गच्चीवर पाणी मारतो, तेच संध्याकाळी दुर्बिणीसाठी मारा, पण बसायच्या दोन तास आधी, म्हणजे वाफही निघून जाते. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींचं, कौतुक लोक उगीच करत नाहीत: मे महिन्यातसुद्धा दोन वाजता हवा निवते. तिकडे सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार आवरत असतो आणि इकडे शनी स्थिर होतो. माझे सगळे चांगले ग्रह दोन ते चार या वेळातले आहेत. दुसरं, गच्चीवर कोणी चाललं की प्रतिमा हलते. आमच्या खालच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन सुकवायला लागलं की मला शनीच्या कड्यातून कळतं. तिकाटण्याच्या पायांखाली जाड रबर घाला आणि कोपऱ्यात, खांबावर येईल अशी जागा धरा.

इथवरचं एका दमात: ग्रह आणि चंद्र हे मुख्य काम, त्यासाठी १५० ची श्मिट, नाहीतर १२७ ची मॅक्सुटोव्ह, निम्मे पैसे माउंटला, आरसी आत्ता नाही. आता ‘जमलं तर’.

दीर्घिका आणि तेजोमेघांसाठी तुमच्याकडे एक गोष्ट आधीच आहे, ती म्हणजे डीएसएलआर आणि त्याच्या लेन्सा. देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंश लांब आहे, म्हणजे सहा चंद्र शेजारी ठेवल्याएवढी. १५०० मिमीवर तुमच्या कॅमेऱ्याची चौकट जेमतेम ०.९ अंश रुंद. दीर्घिकेचा पोटाचा तुकडा तेवढा येईल. तेच माउंटवरून नळी उतरवून २०० मिमीची लेन्स चढवली तर चौकट साडेसहा अंशांवर जाते, अख्खी देवयानी येते आणि वर जागा उरते. शिवाय १५०० मिमीवर माउंटची एका आर्कसेकंदाची चूक जवळजवळ दोन पिक्सेल होऊन दिसते, २०० मिमीवर ती पाव पिक्सेलच्या आसपास. गायडिंग न शिकता तुम्ही पहिल्या वर्षी मृगातला तेजोमेघ काढू शकाल. दीर्घिका मात्र गच्चीवरून नकोत. शहराच्या उजेडात दीर्घिका बुडतात आणि फिल्टर त्यांना वाचवत नाही, कारण त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांचा असतो. जानापावच्या बाजूला किंवा मांडवला जा. मांडव शंभरेक किलोमीटर, पण हिवाळ्यातल्या अमावस्येला तिथलं आकाश एकदा बघितलं की पेट्रोलचा हिशेब कोणी काढत नाही.

नळीवर काढायचंच असेल तर लहान आणि उजळ वस्तू घ्या. शौरीतला एम१३ हा गोलाकार तारकागुच्छ वीस आर्कमिनिटांचा, रिड्यूसरवर मस्त बसतो. स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ जेमतेम दीड आर्कमिनिटाचा, त्यासाठी लांब नाभीय अंतरच लागतं, आणि तो ऑक्सिजनच्या हिरव्या-निळ्या रेषेत इतका उजळ आहे की शहरातून निघतो. इथे गायडिंग लागेल. शोधकावर छोटी गाईड दुर्बीण बसवण्यापेक्षा ऑफ-अॅक्सिस गायडर (मुख्य नळीतलाच थोडा प्रकाश गायडिंगच्या कॅमेऱ्याकडे वळवणारा) घ्या. श्मिटचा आरसा रात्रभरात सूक्ष्म सरकतो आणि वेगळ्या नळीला ते कळतच नाही. पण हे दुसऱ्या वर्षाचं काम.

अक्षांशाची एक गैरसोयही सांगतो, खरेदीआधी तपासा. आपला ध्रुवतारा क्षितिजापासून २३ अंशांच्या आसपासच असतो. माझ्याकडे तो शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे आहे, गेली नऊ वर्षं. (टाकी त्यांनी नंतर चढवली. मी काही बोललो नाही, त्यांच्याकडून गणपतीत मोदक येतात.) आता नीना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंवरून ध्रुवाची दिशा जुळवता येते, तारा दिसायची गरज नाही, पण त्यासाठी गच्चीवर लॅपटॉप लागतो. दुसरं, इतक्या खाली कललेल्या माउंटवर वजनाची दांडी तिकाटण्याच्या पायाला आपटू शकते. दुकानात माउंट २३ अंशांवर लावून दांडी एक पूर्ण फेरा फिरवून दाखवा म्हणा. आपटली तर मध्ये एक्स्टेन्शनचा खांब घ्यावा लागेल, तो हिशेबात धरा.

राहिला जुलैचा प्रश्न. सवलतीत आत्ता घेऊ नका. पेटी येईल, परत करायची दहा-पंधरा दिवसांची मुदत ढगांखाली निघून जाईल, आणि पहिल्या ताऱ्यावर नळी लावाल तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला असेल. जुळवणी चुकलेली निघाली तर सवलत तिथेच संपली. ऑर्डर सप्टेंबरच्या शेवटी द्या. तोपर्यंत एक काम करा: ढग फाटतील त्या रात्री होकायंत्र घेऊन गच्चीवर जा, उत्तरेला काय आडवं येतं आणि दक्षिणेला किती मोकळं आहे ते वहीत काढून ठेवा. यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शनी प्रतियुतीला आहे, म्हणजे अंधार पडताच पूर्वेला हजर. पेटी उघडल्या रात्री बार्लो न लावता नुसती नळी त्याच्यावर धरा, आणि फोकसबाहेरच्या एका ताऱ्याचा फोटो इथे टाका. जुळवणी ठीक आहे का ते मी बघून सांगतो, मुदत संपायच्या आत.